मुक्या सोबत्याचें दुखणें

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे यवत मागें टाकल्यावर, सुमारें पन्नास किलोमीटरांवर, भांडगांव लागतें. दौंड तालुक्याचा हा भाग कालव्याच्या पाण्यानें उसाचा झाला आहे. हंगामांत गुऱ्हाळांचा धूर आणि उकळत्या रसाचा गोड वास हवेंत भरून राहतो. अशा गांवांतलें एक घर डोळ्यांपुढें आणावें. घरांत आजोबा-आजी, मुलगा-सून, शाळेंत जाणारीं दोन नातवंडें. आणि ओसरीवर नऊ वर्षांची एक कुत्री. पुण्याच्या बिऱ्हाडांतून टोपलींत बसून आलेलें तें पिलूं आतां घरचें वडीलधारें माणूस झालें आहे. एके सकाळीं तिच्या पोटावरच्या गोचिडी काढतांना सुनेच्या बोटांना शेवटच्या स्तनापाशीं एक गांठ लागते. दोन महिन्यांपूर्वीं ती हरभऱ्याएवढी होती. "असेल कांहीं तरी" म्हणून ती गोष्ट तशीच राहिली. आतां ती सुपारीएवढी आहे.

येथपासून त्या घरावर दोन संकटें येतात. एक कुत्रीच्या शरीरांतलें आणि दुसरें माणसांच्या मनांतलें. पहिल्या संकटाचें नांव कदाचित् कर्करोग असेल. दुसऱ्याचें नांव अनिश्चितता. पहिल्यावर शस्त्र चालतें. दुसऱ्यावर चालत नाहीं. त्याला घरांतल्या माणसांनींच तोंड द्यावें लागतें. तें कसें द्यावें, याचा विचार कोणी आधीं केलेला नसतो. म्हणून तो येथें थोडा विस्तारानें करणें योग्य होईल.

प्रथम एका टोमण्याचा निकाल लावला पाहिजे. "माणसांना औषध मिळत नाहीं, आणि हे कुत्र्याचें ऑपरेशन करायला निघाले!" असें शेजारीपाजारी म्हणतात, आणि घरांतलीं माणसें ओशाळतात. वस्तुतः ओशाळण्याचें कांहीं कारण नाहीं. शेजारच्या पुरंदर तालुक्यांत जेजुरीचा खंडोबा आहे. त्याच्या चित्रांत घोड्याबरोबर कुत्राहि असतो. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवलेल्या नामदेवांची कथा घरोघर सांगितली जाते. बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गांत पाऊल टाकावयास नकार देणारा धर्मराज तर सर्वांच्या परिचयाचा आहे. जें जनावर नऊ वर्षें दार राखतें, मुलांबरोबर वाढतें, मालकाच्या पावलाचा आवाज ओळखतें, त्याच्या दुखण्यानें घर हललें तर त्यांत दुबळेपणा नाहीं. खर्च किती करावा हा प्रश्न वेगळा, आणि तो प्रत्येक घरानें आपली ऐपत पाहून सोडवावा. परंतु दुःख करावें कीं नाहीं हा प्रश्नच नाहीं.

आतां रोगाकडे वळूं. शरीरांतील पेशी ठराविक मर्यादेंत वाढतात, झिजतात आणि मरतात. कांहीं पेशींची ही मर्यादा सुटली म्हणजे गांठ होते. ती जागच्या जागीं वाढत राहिली तर तिला सौम्य म्हणतात. आसपासच्या भागांत शिरून रक्त व रसवाहिन्या यांच्या वाटेनें दूर पसरूं लागली तर तिला मारक म्हणतात, हाच कर्करोग. कुत्रीला बहुधा स्तनांच्या पांच जोड्या असतात, आणि गर्भाशय व बीजकोश काढले नाहींत अशा वयस्क कुत्र्यांमध्यें स्तनाच्या गांठी हा फार आढळणारा विकार आहे. त्यांपैकीं साधारण निम्म्या गांठी सौम्य निघतात. मात्र कोणती सौम्य व कोणती मारक हें बोटांनीं चाचपून कळत नाहीं. सुईनें पेशी ओढून पाहिल्यास कांहीं अंदाज येतो. पण खरा निकाल गांठ काढून तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच लागतो. म्हणजे पुष्कळदां शस्त्रक्रिया हा उपचारहि असतो आणि परीक्षाहि असते.

मुलांना जवळ जाऊं द्यावें कीं नाहीं, अशी शंका घरांतलीं वडील माणसें काढतात. हा रोग स्पर्शानें, लाळेनें किंवा एका ताटांत खाल्ल्यानें माणसाला होत नाहीं. कुत्र्यांच्या एका विशिष्ट कर्करोगाचा मात्र अपवाद आहे. तो जननेंद्रियांवर होतो, आणि त्याच्या जिवंत पेशीच समागमाच्या वेळीं एका कुत्र्यापासून दुसऱ्याला लागतात. नोविन्स्की या रशियन पशुवैद्यानें १८७६ सालीं या गांठीचें रोपण एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर करून दाखविलें होतें. आपल्याकडील रस्त्यावरच्या कुत्र्यांत हा रोग दिसतो, आणि सुदैवानें औषधाच्या कांहीं इंजेक्शनांनीं तो बहुधा बरा होतो. पण तोहि कुत्र्यांकडून माणसांकडे येत नाहीं. तेव्हां ओसरीवरील त्या आजारी जिवाला मुलांच्या हाताचा स्पर्श नाकारण्याचें कारण नाहीं.

यानंतर घरांत जी गोष्ट सुरू होते ती रोगाहून अधिक पोखरणारी असते. ती म्हणजे दोषाचा शोध. "मी दोन महिन्यांपूर्वींच सांगितलें होतें," "तुम्हीं तिचें ऑपरेशन लहानपणींच करून घ्यायला हवें होतें," असे शब्द निघतात. या दुसऱ्या म्हणण्याला आधार आहे, पण तो किती आहे हें जाणून घ्यावें. १९६९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका १०० धरला, तर पहिल्यांदा माजावर येण्यापूर्वीं शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला तो केवळ ०.५, पहिल्या माजानंतर ८, आणि दुसऱ्या माजानंतर २६ इतका राहतो. हे आंकडे जगभर सांगितले जातात. परंतु २०१२ सालीं अशा सर्व अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हां त्यांचा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाहीं असें परीक्षकांनीं नमूद केलें. पुढच्या पिलाच्या बाबतींत पशुवैद्याचा सल्ला वेळींच घ्यावा, इतका बोध यांतून घ्यावा. मागच्या नऊ वर्षांचा हिशेब मांडून आज एकमेकांना आरोपी ठरवल्यानें कुत्रीचा एक श्वासहि वाढत नाहीं.

दोषाऐवजीं तपासणीकडे लक्ष द्यावें. शस्त्रक्रियेपूर्वीं पशुवैद्य सर्व स्तन, कांखेंतल्या व जांघेंतल्या गांठी चाचपतो, रक्त तपासतो, आणि छातीचीं क्ष-किरण चित्रें घ्यावयास सांगतो. "गांठ पोटावर, मग चित्र छातीचें कां?" असें विचारलें जातें. या कर्करोगाची पसरण्याची एक मोठी वाट फुफ्फुसांकडे जाते, म्हणून. फुफ्फुसांत रोग आधींच उतरला असेल, अथवा सारा स्तनभाग लाल, गरम व सुजलेला असून रोग दाहक जातीचा असेल, तर कापण्यानें लाभ होत नाहीं. अशा वेळीं शस्त्रक्रिया न करण्याचा सल्ला हाहि उपचारच समजावा. छाती निर्मळ असेल तर आशेला जागा असते. गांठ तीन सेंटिमीटरांहून लहान असतांना काढली तर पुढचा मार्ग मोठ्या गांठीच्या मानानें बरा असतो. हरभऱ्याएवढी गांठ सुपारीएवढी होईपर्यंत थांबूं नये, तें याचसाठीं.

हीं कामें आज महाराष्ट्रांत करतां येतात, हेंहि ध्यानांत असावें. मुंबईंत परळ येथें पेटिट घराण्याच्या देणगीनें जनावरांचें रुग्णालय एकोणिसाव्या शतकांत उभें राहिलें, आणि १८८६ सालीं तेथेंच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. त्याच परळांत १९४१ सालीं माणसांच्या कर्करोगासाठीं टाटा स्मारक रुग्णालय निघालें. सातारा जिल्ह्यांत शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नांवाचें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. २०२४ सालीं मुंबईच्या महालक्ष्मी भागांत टाटा ट्रस्टांनीं उभारलेलें लहान प्राण्यांचें मोठें रुग्णालय सुरू झालें. पुण्यासारख्या शहरांत खासगी पशुवैद्यहि अशा शस्त्रक्रिया करतात. भांडगांवच्या घराला पुणें तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. गाडींत मागच्या बैठकीवर घोंगडी अंथरून सूनबाई तिला घेऊन बसतात, आणि मुलगा नेहमींपेक्षां हळू गाडी चालवतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशीं डॉक्टर सांगतील तितके तास अन्न बंद ठेवावें. मायेपोटीं दिलेला एक भाकरीचा तुकडाहि भूल दिल्यावर उलटून श्वासनलिकेंत गेला तर जिवावर बेततो. घरीं आणल्यावर ती डळमळेल, कण्हेल, कदाचित् ओळख न दिल्यासारखी पाहील. हा भुलेचा अंमल असतो. तिला जमिनीवर, उबदार व शांत जागीं निजवावें. टांके चाटूं नयेत म्हणून नरसाळ्यासारखी गळपट्टी घालतात. ती तिला आवडत नाहीं, आणि दया येऊन घरांतलें कोणी तरी ती काढतें. ही दया महागांत पडते; एका रात्रींत टांके उसवतात. साधारणपणें दहा ते चौदा दिवसांनीं टांके काढीपर्यंत धांवणें, उड्या मारणें व अंघोळ बंद ठेवावी. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, माणसांच्या वेदनेवरच्या गोळ्या आपल्या मनानें तिला कदापि देऊं नयेत. आयबुप्रोफेनसारख्या औषधानें कुत्र्याच्या जठरांत व्रण पडतात व मूत्रपिंडें बिघडतात. वेदनेवर कुत्र्यांसाठीं वेगळीं औषधें आहेत. तीं डॉक्टरांकडून मागून घ्यावींत. ती ओरडत नाहीं म्हणजे तिला दुखत नाहीं, असें समजूं नये. मुकें जनावर दुखणें लपवितें. कोपऱ्यांत जाऊन बसणें, खाणें टाकणें, धाप लागणें, हात लावतांच अंग आंखडणें, हीच त्याची भाषा.

मग अहवालाची वाट पाहण्याचे दिवस येतात. टांके भरत असतात, कुत्री शेपूट हलवूं लागते, आणि घर मात्र दूरध्वनीची घंटा वाजली कीं दचकतें. अहवाल येतो तेव्हां त्यांत चार गोष्टी शोधाव्यात: गांठ सौम्य कीं मारक, मारक असल्यास कोणत्या जातीची व कोणत्या प्रतीची, म्हणजे किती उग्र, कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत कीं नाहींत, आणि जवळच्या रसग्रंथींत रोग पोंचला आहे कीं नाहीं. समजत नसेल तें डॉक्टरांना निःसंकोच विचारावें, आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावें. कारण घाबरलेल्या माणसाला ऐकलेल्यांतलें अर्धेंच आठवतें.

येथें "किती दिवस?" हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला बहुधा एक आंकडा उत्तर म्हणून मिळतो. त्या आंकड्याचा अर्थ नीट कळला नाहीं तर तो घराला चिरडतो. उदाहरण म्हणून दुसरा एक रोग घेऊं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना पायाच्या हाडाचा जो उग्र कर्करोग होतो, त्यांत नुसता पाय काढला तर मध्यगत आयुष्य चार-पांच महिने, आणि पुढें औषधें दिलीं तर सुमारें दहा ते बारा महिने सांगतात. मध्यगत याचा अर्थ इतकाच कीं शंभर कुत्रीं घेतलीं तर त्यांतलीं पन्नास त्या मुदतीच्या आंत गेलीं आणि पन्नास तिच्या पुढें जगलीं. पुढें किती जगलीं हें तो आंकडा सांगत नाहीं. तो समूहाचा आंकडा आहे. ओसरीवरच्या एकीच्या कपाळीं लिहिलेली तारीख नव्हे.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण माणसांतलें आहे. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८२ सालीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, पोटांतील आवरणाचा एक दुर्मिळ कर्करोग झाला. पुस्तकांत मध्यगत आयुष्य आठ महिन्यांचें दिलेलें होतें. आठ महिने हा अर्ध्या रुग्णांचा टप्पा आहे, उरलेल्या अर्ध्यांची रांग फार लांबपर्यंत जाते, आणि आपण त्या रांगेंत असूं शकतों, हें त्यांनीं गणितानें ओळखलें. ते पुढें वीस वर्षें जगले. २००२ सालीं त्यांचा अंत झाला तो वेगळ्या कर्करोगानें. अर्थात् प्रत्येकाला वीस वर्षें मिळतात असा याचा अर्थ नाहीं. आठ महिन्यांच्या आंत गेलेलीं माणसेंहि तितकींच खरीं होतीं. आंकडा खोटी आशा देत नाहीं, तसाच तो शिक्षाहि सुनावीत नाहीं, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

भांडगांवच्या त्या घरांत अहवाल मारक आला असें समजूं. कडा रोगमुक्त आहेत, छाती निर्मळ आहे, पुढचें सांगतां येत नाहीं. संध्याकाळीं धाकटी नात विचारते, "आजोबा, ती बरी होईल ना?" "होईल हो" म्हणून विषय मिटवणें सोपें असतें. आजोबा थोडा वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, "बाळ, तें डॉक्टरांनाहि आज ठाऊक नाहीं. पण आज तिला दुखत नाहीं, आज ती पोटभर जेवली, आणि आतां ती तुझी वाट पाहते आहे." मुलांना खोटें सांगूं नये, पुढें खरें कळलें म्हणजे त्यांना दुःख तर होतेंच, शिवाय मोठ्यांवरचा विश्वासहि जातो. उत्तर माहीत नाहीं हेंहि एक खरें उत्तर आहे, आणि तें प्रेमानें दिलें तर मूल तें पेलतें.

आजोबांच्या त्या वाक्यांत सर्व प्रश्नाचें मर्म आहे. कुत्रीला अहवाल वाचतां येत नाहीं. "उरलेले महिने" ही कल्पना तिला नाहीं. तिला आजची भाकर, आजचें ऊन, आजची वेदना आणि आजची सोबत एवढेंच कळतें. भविष्याची भीति ही माणसाच्या वाट्याची आहे. ती तिच्या अंगावर लादूं नये. तिच्यापुढें रात्रंदिवस रडणारें घर तिला गोंधळवून टाकतें. नेहमींच्या वेळीं फिरावयास नेणारें घर तिला सुखवितें. म्हणून "किती दिवस?" हा प्रश्न जितक्या लवकर "आजचा दिवस कसा?" या प्रश्नांत बदलेल, तितकें बरें.

हा दुसरा प्रश्न नुसत्या भावनेवर सोडूं नये. त्याचें मोजमाप करतां येतें. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकेंतील पशुवैद्य बाईंनीं २००४ सालीं सात गोष्टींची एक मोजपट्टी सुचविली: वेदना आटोक्यांत आहे काय, खाणें, पाणी, अंगाची स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षां चांगले दिवस अधिक आहेत काय. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यावयाचे. बेरीज पस्तिसाच्या वर राहिली तर जीवन सुसह्य समजावें. घरांत हें याहून सोपें करतां येईल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दररोज रात्रीं चांगल्या दिवसाला एक खूण व वाईट दिवसाला दुसरी खूण करावी, आणि ही खूण घरांतल्या एकानेंच न करतां पाळीपाळीनें करावी. ती झोंपली असतां मिनिटाला किती श्वास घेते तें आठवड्यांतून दोन-तीनदां मोजावें. शांत झोंपेंत तो आंकडा वारंवार तिसांच्या वर जाऊं लागला तर डॉक्टरांना कळवावें. उरलेले स्तन महिन्यांतून एकदां चाचपावेत, आणि पहिलें वर्ष डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणें, बहुधा दर तीन महिन्यांनीं, तपासणीस न्यावें. काळजीला असें काम दिलें म्हणजे ती दिवसभर घरांत मोकाट फिरत नाहीं.

पुढें औषधांचा उपचार करावा काय, हाहि प्रश्न येतो. कुत्र्यांना कर्करोगावरचीं औषधें देतांना उद्देश बहुधा सुखाचा काळ वाढविण्याचा असतो; म्हणून मात्रा माणसांपेक्षां बेताची ठेवतात, व त्रासहि सामान्यतः कमी होतो. स्तनाच्या कर्करोगांत या औषधांचा लाभ किती, याविषयीं मात्र अजून निर्णायक पुरावा नाहीं. एखाद्या घरानें तो उपचार केला तर तें मूर्ख नव्हे, आणि न केला तर तें निर्दय नव्हे.

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण. तो चांगल्या दिवसांतच बोलून ठेवावा. कारण रात्रीं दोन वाजतां धापा टाकणाऱ्या जनावरापाशीं बसून माणसाला नीट विचार करतां येत नाहीं. १९२८ सालीं साबरमती आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत होतें. महात्मा गांधींनीं सहकाऱ्यांशीं विचारविनिमय करून, डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याच्या यातना संपविल्या. त्यावर देशभर गदारोळ झाला. अहिंसेच्या पुजाऱ्यानें हें कसें केलें, अशीं रागाचीं पत्रें आलीं. ज्याच्या वेदना कोणत्याहि सेवेनें कमी करतां येत नाहींत, त्याला त्यांतून सोडविणें हिंसा नव्हे, असें त्यांनीं आपल्या पत्रांतून निक्षून मांडलें. त्यांचें म्हणणें सर्वांना पटलें नाहीं, आणि आजहि प्रत्येक घराला पटेल असें नाहीं. परंतु त्या प्रसंगांतून एक गोष्ट निर्विवाद निघते: असा निर्णय कंटाळ्यानें किंवा खर्चाला भिऊन नव्हे, तर त्या जिवाकडे पाहून, जाणत्यांना विचारून आणि उघड्या मनानें घ्यावा. ज्या घराला तो मार्ग नको असेल त्यानें वेदनाशमनाची व्यवस्था अखेरपर्यंत नीट ठेवावी. दोन्हींपैकीं कोणत्याहि मार्गांत, शेवटच्या वेळीं ओळखीचा हात अंगावर असावा.

भांडगांवच्या त्या घरांत टांके निघाले आहेत. पोटावरचे केस पुन्हां उगवूं लागले आहेत. पहिल्या तपासणीला अजून दोन महिने आहेत, आणि तींत काय निघेल हें कोणालाहि ठाऊक नाहीं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आज खूण करण्याची पाळी आजींची आहे. उसाच्या बांधावरून धुळीनें माखून आलेली ती कुत्री ओसरीवर आडवी पडली आहे, आणि धाकटी नात तिच्या पायांतले कुसळ काढीत बसली आहे. आजी चष्मा पुसतात, तिच्याकडे एकवार पाहतात, आणि आजच्या चौकोनांत चांगल्या दिवसाची खूण करतात.